बाबा बसले की एसी बंद

लेक : तिसरी खेप आहे ही! आधी गॅस भरलात, मग पट्टा बदललात. आता बघायलाच नको म्हणालात. आणि आज बाबांना घेऊन निघाले, तर भर उन्हात परत ठप्प!

मेकॅनिक : ताई, काल दिवसभर मी स्वतः फिरवली गाडी. गारेगार हवा येत होती. फ्यूज पाहिला, वायरी पाहिल्या, सगळं ठणठणीत.

लेक : मी एकटी असले की मलाही गार हवा येते हो. बाबा शेजारी बसले की काय धाड भरते तिला?

मेकॅनिक : जुनी गाडी आहे. एखादी वायर कुठेतरी सैल असणार. सापडत नाहीये, हे कबूल.

लेक : सापडत नाही, की सापडवायचीच नाही? दर वेळी नवं खूळ काढायचं! लोकांना टोप्या घालायचा धंदा मांडलाय नुसता!

मेकॅनिक : हळू बोला ताई, गिऱ्हाइकं बसलीयत. काकांनी ही गाडी घेतली तेव्हापासून माझ्याकडेच येते. असा शब्द कधी काढला नाही त्यांनी. काका, तुम्हीच सांगा.

बाबा : अं? जाऊ दे ना गं. काचा उघडून जाऊ की.

लेक : तुम्ही गप्प बसा, बाबा. तुमच्या भिडस्तपणाचाच फायदा घेतात हे.

मेकॅनिक : ठीक आहे. मीटर आणतो. तुमच्यासमोरच तपासतो, मग तर झालं?

(मेकॅनिक आत जातो. लेक गाडीत बाबांच्या शेजारी येऊन बसते.)

लेक : बघितलंत? वर तोंड करून बोलतोय.

बाबा : त्याला काही बोलू नकोस.

लेक : मग काय, डोक्यावर घेऊन नाचू?

बाबा : त्याची काही चूक नाही.

लेक : कशावरून? आणि मूठ का आवळलीय? हात दुखतोय का? दाखवा बघू.

बाबा : काही नाही गं.

लेक : दाखवा म्हणते ना! ...हे काय? फ्यूज?

बाबा : एसीचा. इथे गुडघ्यापाशीच असतो. बसलो की काढतो, उतरताना परत लावतो.

लेक : बाबा! अहो, त्या माणसाला मी चारचौघांत काय वाट्टेल ते बोलले! ऐकत होतात ना?

बाबा : ऐकत होतो. जीभच उचलेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक : पण का? गार हवा सोसत नाही, तर सांगायचं!

बाबा : सोसते. पण एसी लागला की तू काचा लावतेस. मग वास कोंडतो.

लेक : कसला वास?

बाबा : माझा.

लेक : म्हणजे?

बाबा : लघवी आवरत नाही हल्ली. खड्डा आला, खोकला आला, की होतेच थोडी. आत फडकं घेतो, तरी. मागे एकदा जावईबापू नाकाला रुमाल लावून बसले होते. तू म्हणालीस, गाडीत उंदीर मेलाय वाटतं.

लेक : अरे देवा.

बाबा : तुला काय ठाऊक? मीही म्हटलं, असेल.

लेक : मला सांगायचं ना हो, बाबा.

बाबा : लेकीला कुठल्या तोंडाने सांगू? तुझ्या आईला ठाऊक होतं. ती गेली.

लेक : आणि उतरताना परत का लावायचात?

बाबा : पुढे तू एकटी जायचीस. तुला ऊन बाधतं.

मेकॅनिक : हा आणला मीटर. काका, जरा पाय घ्या. फ्यूजपासूनच सुरुवात करतो.

लेक : नको, दादा. माफ करा मला. एसीला काही झालेलं नाही. माझ्याच हातून बटण कुठेतरी...

बाबा : खोटं नको. हा घे रे फ्यूज. मीच काढायचो.

मेकॅनिक : तुम्ही? आणि मी वायरी धुंडाळत बसलो! का पण, काका?

लेक : राहू दे ना, बाबा. त्यांना कशाला?

बाबा : माझ्यापायी त्याने सगळ्यांदेखत ऐकून घेतलं. त्याला कळायला नको? ...जरा जवळ ये रे. मोठ्याने नाही सांगता यायचं मला.