दोन रजिस्टरांतली म्हातारी

विषय: जुन्या साइडिंगवर रात्री उभे राहणारे मालगाडीचे डिझेल इंजिन.
संदर्भ: खुशाल इंगळे, निवृत्त ड्रायव्हर, यांचे तोंडी निवेदन.

आता ऐका. शेकोटी विझू देऊ नका. आणि सुनंदा, हसायचं तर शेवटी हस.

खुशाल भाच्याच्या लग्नाहून परतत होता. रात्रीचे अकरा. सडकेने तासभर, साइडिंगच्या बंद रुळांवरून वीस मिनिटं. गेला साइडिंगने. माणूस शहाणा, पण पाय दुखत होते.

आधी डिझेलचा वास आला. मग खडी थरथरली. मग समोर दिवा. बघतो तर त्याचंच इंजिन. चोवीस वर्षं चालवलेलं. इंजिनांच्या शेडमध्ये सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. आणि ही म्हातारी दोन वर्षांपूर्वी भंगारात कापताना त्याने उभं राहून पाहिली होती.

दार उघडं. आत खुंटीला त्याचाच जुना पंचा. हॉर्न वाजला, अगदी हळू, जेवायला बोलावल्यासारखा. खुशाल चढला. तुम्हीही चढला असता.

दार लागलं. म्हातारी निघाली. ऐकताय ना? साइडिंग पुढे नाल्यावर संपते. पूल केव्हाच काढून नेलाय.

खुशालने ब्रेक लावला. लागेना.

"म्हातारे, थांब. मी रिटायर झालोय."

वेग वाढला.

"अगं, तूही झालीस."

आणखी वाढला. बायकांना वय काढलेलं आवडत नाही.

शेवटी सवय कामाला आली. केबिनमध्ये दुरुस्तीची वही असते. ड्रायव्हरने तीत बिघाड लिहिला की शेडची सही होईपर्यंत इंजिन जागचं हलवायचं नाही. खुशालने लिहिलं: 'ब्रेक धरत नाहीत. जागेवर उभे ठेवावे.' खाली सही.

म्हातारी थांबली. नाला चार हातांवर. जन्मात तिने नियम मोडला नव्हता.

सकाळी खुशाल माझ्या ओसरीवर आला. "भाऊसाहेब, ती मेली ना?"

"अर्धी," मी म्हणालो.

चूक माझी. शेडचा कारकून मीच होतो. इंजिनाचं आयुष्य छत्तीस वर्षं. म्हातारी जन्मली ती एका केबिनची. अठराव्या वर्षी दुसऱ्या टोकालाही केबिन बसवली. मी तिला दोन केबिनवाल्यांच्या रजिस्टरात घेतलं, जन्मतारीख म्हणून त्या दिवसाची तारीख घालून. छत्तीस भरल्यावर कापली, तेव्हा नाव कमी केलं ते फक्त जुन्या रजिस्टरातून. नव्यात तिची अजून सोळा वर्षं शिल्लक आहेत. इतकी वक्तशीर बाई, ड्यूटीला येणारच.

तेव्हा त्या वाटेने कुणी जाऊ नका. खुशालचा शेरा आहे तोवर ती उभी आहे. कुणी भलत्याने 'दुरुस्त' म्हणून सही केली, की सुटली. खुशाल दिवसाउजेडी जातो, नारळ ठेवतो, थोडा वेळ बसतो.

नाव कमी करण्याचा अर्ज मी गेल्या आषाढात दिला. उत्तर आलं: इंजिन तपासणीसाठी समक्ष हजर करावे. मी खुलासा पाठवला आहे.

अर्ज प्रलंबित आहे.