मधला डबा

भुवनेश्वरी : नाही हो अंबाक्का, कृष्णाजीरावांचं पत्र हरवलं नाही. आडी महिन्यात आलं होतं. मीच पोस्टमनच्या हातून घेतलं आणि ह्यांच्यासमोर ठेवलं. आता मार्गळी लागला, पाच महिने झाले. कधीही विचारा, म्हणतात, लिहीन, नीट विचार करून लिहीन.

अंबा : मी आमच्या घरच्यांस सांगत आले, तिरुवैयारूचा पोस्टमन म्हातारा झालाय, वाटेत पाडलं असेल. तरी रोज टपालाच्या वेळेस दारापुढच्या तिण्णैवर येऊन बसतात. त्याची सायकल पुढे गेली की उठतात.

सेतुमाधव : चूक माझी, वहिनी. लिहायला बसलो की वाटतं, आपलं ज्ञान ते किती. सांगितलेलं चुकीचं निघालं तर?

अंबा : तुमचं कसं चुकेल? तुमच्या रेडिओच्या सगळ्या मंडळीत शिकलेले तुम्ही. आणि हे पाहा, मी इथे आले ते त्यांस ठाऊक नाही. मोठ्या देवळात जाऊन येते म्हटलं आणि बसमध्ये बसले. कळलं तर पाटी फेकून मारतील.

भुवनेश्वरी : पाटीवरच चालतं का सगळं?

अंबा : सगळं. गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आवाज असा नाहीच. मला नागरी वाचता येत नाही, म्हणून मराठी बोलणं तमिळ अक्षरांत लिहितात. कापीत साखर कमी, एवढं लिहायलाही बोटं कापतात. रागावायचं तर लिहीपर्यंत राग निघून जातो. मग पाटी पुसतात आणि बसून राहतात.

भुवनेश्वरी : अय्यो. आवाज काय होता तो. लग्नाच्या पंगतीत ह्या टोकाला बोलले तर त्या टोकाचा वाढपी थांबायचा.

अंबा : आणि रेडिओवर? सकाळी सातला तुम्ही सगळे आपापल्या घरी यंत्रापुढे बसायचात, आणि आमच्या घरून हे एकेकाचं नाव पुकारायचे. तो सेलमचा, तो पुदुक्कोट्टैचा, ते कुंभकोणमचे बाळकृष्णराव. शाळेत हजेरी घेतात तशी. मी चुलीपाशी ऐकायची. माझ्या आधीपासूनची ती सवत, पण सकाळ भरलेली असायची.

सेतुमाधव : हो. मंडळी त्यांच्याच शब्दावर चालायची.

अंबा : आता तिथे नुसती शीळ वाजते म्हणतात. कोणी बोलतच नाही.

सेतुमाधव : आता टाइप करतो आम्ही. नवी रीत आली, ह्याच वर्षी. संगणकावर मजकूर लिहायचा, रेडिओवरून त्याची शीळ जाते, पलीकडच्या संगणकावर पुन्हा अक्षरं उमटतात. मराठीच लिहितो आम्ही, इंग्रजी अक्षरांत.

अंबा : आणि हजेरी?

सेतुमाधव : हजेरी... आता मी घेतो.

अंबा : तेच तर. बोलायचं नाही, नुसतं लिहायचं, म्हणजे ह्यांच्यासाठीच केलं देवानं. पूर्वी टाइप करायच्या जुन्या रितींना हसायचे, टायपिस्टांचा धंदा म्हणून. त्यामुळे त्यातलं काही शिकले नाहीत. आता तेच हवंय. सातला कानावर हेडफोन लावून बसतात. माइक हातात घेतात, बटण दाबतात, सोडतात. मी विचारलं, हे काय? पाटीवर लिहिलं, हजर.

भुवनेश्वरी : ऐकू येतं तुम्हाला ते?

सेतुमाधव : पडद्यावर दोन-चार वेडीवाकडी अक्षरं उमटतात. त्यावरून कळतं.

भुवनेश्वरी : रोज?

सेतुमाधव : रोज.

अंबा : म्हणजे पोचतं. हे सांगता आलं असतं त्यांस, तर आज जेवले असते नीट. बरं, मी कशाला आले ते सांगते. आमचा चेतन येतोय पोंगलला. दोन हजार सालच्या त्या संगणकाच्या घोळासाठी अमेरिकेला नेलंय त्यास, एवढीच रजा मिळाली. पुढे कधी येईल देव जाणे. तो म्हणतो, अप्पांसाठी काय आणू, एकदाच सांगा. दोन तऱ्हा आहेत म्हणे, आणि ह्यांस त्यातलं काही कळत नाही. पत्रात तुम्हांस तेच विचारलंय ना?

सेतुमाधव : हो. कुठला डबा घेऊ म्हणजे मंडळीत बसता येईल, असं.

अंबा : डबा कशाला लागतो? रेडिओ आहे, चेतननं मागे घेतलेला नवा संगणक आहे.

सेतुमाधव : त्या दोघांचं थेट जमत नाही, वहिनी. मध्ये मध्यस्थ लागतो, लग्न ठरवताना लागतो तसा. एक विलायती, तयार मिळतो. स्वतः हुशार, सगळी बोलणी स्वतःच करतो. दुसरा साधा. इकडचं तिकडे पोचवतो, हुशारी सगळी संगणकाची. मध्ये खरखर शिरू नये एवढंच तो पाहतो. तो घरीही करता येतो.

अंबा : मग ह्यांच्यासाठी कुठला?

भुवनेश्वरी : सांगा ना. कपाटावर काय ठेवलंय ते सांगा.

अंबा : काय आहे कपाटावर?

सेतुमाधव : वहिनी, चेतनला कळवा, त्यानं काही आ... काही आ... आ...

अंबा : अगोबाई. अडकला ग्रामफोन! भुवना, अजून तसाच आहे बघ. किती दिवसांनी ऐकलं. रेडिओवर सेतुराव आपलं नाव सांगताना असेच अडकायचे, आणि आमच्या घरचे म्हणायचे, थांबा रे, सगळे थांबा, ग्रामफोनची सुई अडकलीय, कोणी जाऊन टिचकी मारा. आणि सेलमपासून सगळे हसायचे. मी चुलीपाशी हसायची. मुद्दाम नाव दोनदा सांगायला लावायचे ह्यांना. फार जीव होता तुमच्यावर त्यांचा. दुसऱ्या कोणाला त्यांनी नाव ठेवलं नाही.

भुवनेश्वरी : अंबाक्का, कापी निवतेय.

अंबा : घेते. तुम्ही काय सांगत होतात, सेतुराव? चेतननं काही काय?

सेतुमाधव : काही घाई नाही म्हणत होतो. मी पत्रानं कळवतो.

अंबा : तेच करा. माझ्या हाती नको, पोस्टानंच येऊ द्या. त्यांस वाटू दे, तुम्ही आपणहून लिहिलंत. आज टाकाल?

सेतुमाधव : आज टाकतो.

अंबा : कुंकू देतेस का भुवना? देवळात गेले नाही असं दिसायला नको.

(अंबा तिरुवैयारूच्या बसला गेली. सेतुमाधव मेजाशी बसले. इतके महिने ज्यांना एक ओळ सुचली नव्हती, त्यांचं पत्र तिचा पेला विसळून होईपर्यंत लिहून झालं.)

भुवनेश्वरी : एवढ्यात झालं?

सेतुमाधव : झालं.

भुवनेश्वरी : इंग्रजीत लिहिलंत होय. मला सांगा काय आहे.

सेतुमाधव : लिहिलंय, उशीर झाला, क्षमा असावी. प्रकृतीची काळजी घ्या. विलायती डबा घ्यावा. त्याची बांधणी उत्तम, वर्षानुवर्षं टिकतो, खरखर अजिबात नाही. जपान, रशिया, ब्राझील, कुठलीही अक्षरं उमटतील. आपल्या रेडिओला शोभेल असा तोच. घरी बनवलेल्या डब्यांच्या नादी लागू नये.

भुवनेश्वरी : हे खरं आहे?

सेतुमाधव : शब्द न् शब्द. कोणालाही विचार.

भुवनेश्वरी : मग कपाटावरचा तो विड्याचा डबा? पत्र यायच्याही आधी, अर्धा उन्हाळा त्यात तारांना डाग देत होतात. घरभर राळेचा वास. मला म्हणालात, कृष्णाजीरावांसाठी आहे. भोकं पाडताना बोट कापून घेतलंत.

सेतुमाधव : तोही चांगला आहे.

भुवनेश्वरी : तुम्ही सगळे सकाळी काय वापरता?

सेतुमाधव : तसाच. बाळकृष्णरावांचा मीच केला, सेलमचाही मीच केला.

भुवनेश्वरी : विलायती कोणाकडे आहे?

सेतुमाधव : कोणाकडेच नाही.

भुवनेश्वरी : माझ्याकडे बघून सांगा. विलायती डब्याला तुमची सातची शीळ वाचता येते?

सेतुमाधव : नाही. मघाशी म्हटलं ना, तो हुशार मध्यस्थ. पण त्याचं शिक्षण जुन्या रितींचं. ही रीत निघायच्या आधीच तो तयार झाला. आमची शीळ त्याच्या दृष्टीनं नुसती खरखर. आत येऊच द्यायचा नाही तो.

भुवनेश्वरी : आणि मंडळीत बसता येईल का, ह्याचं काय लिहिलंत?

सेतुमाधव : त्याबद्दल लिहिलं नाही.

भुवनेश्वरी : त्यांनी एवढंच विचारलं होतं.

सेतुमाधव : हो.

भुवनेश्वरी : त्यांना कळेल एक दिवस. दुसरा कोणी सांगेल.

सेतुमाधव : कोण सांगणार? मंडळीत बसल्याशिवाय मंडळी भेटत नाहीत. आणि मुलानं विमानातून आणलेली वस्तू तो माणूस बाजूला ठेवणार नाही. तुला त्याचा स्वभाव माहीत नाही. तो त्याच्याच पुढे बसेल. त्याला वाटेल, आपल्याला अजून जमत नाही. कुठलं तरी बटण चुकतंय.

भुवनेश्वरी : आणि तुम्हाला पुन्हा विचारेल.

सेतुमाधव : विचारू दे. मी म्हणेन, नाव दोनदा टाइप करून पाहा.

भुवनेश्वरी : मला वाटायचं तुम्ही ते ग्रामफोनचं विसरलात. घरात कधी एक शब्द काढला नाहीत. माइक ट्रंकेत ठेवून दिलात तेव्हा म्हणालात, मोर्सची टिकटिक शिकायचीय, ते जास्त शास्त्रीय आहे.

सेतुमाधव : शास्त्रीयच आहे.

भुवनेश्वरी : मीही हसले होते एकदा. नवी नवरी होते. बाहेर सगळे हसले म्हणून.

सेतुमाधव : माहीत आहे. तुझ्या बांगड्या वाजल्या होत्या.

भुवनेश्वरी : माझ्यासाठी काय लिहून ठेवलंत मग?

सेतुमाधव : तू रोज कापी देतेस. तुझं निराळं.

भुवनेश्वरी : त्या बाईनं आपल्याला काय केलंय? दोन बसा बदलून आली. म्हणाली, फार जीव होता. तिला तसंच वाटतं हो.

सेतुमाधव : म्हणून तर मला बोलायला जमलं नाही. ती मला शिव्या देती, तर डबा काढून तिच्या पिशवीत ठेवला असता. सांगणारच होतो. काही आणू नका म्हणून सांगणारच होतो.

भुवनेश्वरी : मग आता सांगा. बस सुटली नसेल. मी जाते स्टँडवर, तुम्ही नुसता डबा द्या. बोलावंही लागणार नाही.

सेतुमाधव : डब्यातल्या तारा संध्याकाळी काढून देतो. घासून घे आणि हिंग ठेव.

भुवनेश्वरी : हिंग.

सेतुमाधव : झाकण घट्ट बसतं. वास जाणार नाही.

भुवनेश्वरी : आणि उद्या सातला त्यांनी बटण दाबलं म्हणजे?

सेतुमाधव : अक्षरं उमटतील. दोन-चार.

भुवनेश्वरी : पुढे? तुम्ही काय करता त्यावर?

सेतुमाधव : परवा सेलमच्यानं लिहिलं, कोणीतरी टिचकी मारतंय. सगळ्यांनी हसू लिहून पाठवलं.

भुवनेश्वरी : तुम्ही?

सेतुमाधव : मी पुढचं नाव घेतलं. दे ते तिकीट.

भुवनेश्वरी : मी चिकटवणार नाही.

सेतुमाधव : नको. मी चिकटवतो. चप्पल कुठे आहे माझी?

भुवनेश्वरी : दारात. पेटीपर्यंत जाईस्तोवर एकदा विचार करा. एवढे महिने केलात, आणखी चार पावलं करा. डबा मी इथे मेजावर काढून ठेवते.

सेतुमाधव : ठेव.

भुवनेश्वरी : ...आलात? एवढ्या लवकर?

सेतुमाधव : राजवाड्याच्या कोपऱ्यावरच तर पेटी.

भुवनेश्वरी : टाकलंत?

सेतुमाधव : टाकलं. पेटी भरलेली असावी. पडल्याचा आवाज नाही आला.