गड्यासाठी हायड्रॉलिक

"आई, हट्ट सोड. जुनी टॉप लिंक चांगली आहे की!" हर्सूलला ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात, दुकानदार सामान आणायला आत गेला तसा माझा लेक माझ्यावर खेकसला. तो उस्मानपुऱ्यात राहतो, बँकेत साहेब आहे. फुलंब्रीचं रान मी बघते आणि ट्रॅक्टरही मीच चालवते, त्याचा बाप गेल्यापासून. रानात मधेच मुरूम लागतो. तिथं नांगराचं नाक उचलायला दर फेरीला खाली उतरून ती लिंक, म्हणजे नांगर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा, हातानं फिरवावी लागते. हायड्रॉलिक असली की सीटवरूनच काम होतं.

मी म्हणलं, "गुडघे राहिले नायत, बाबा."

"मग बटईनं देऊन टाक रान."

तेवढ्यात दुकानदार हायड्रॉलिक लिंक घेऊन आला. "साहेब, ट्रॅक्टर चालवतं कोण?"

मी शेजारीच उभी. लेकानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आहे एक गडी."

दुकानदार हसला. "मग उतरंल की! गड्याच्या पायासाठी एवढं कोण करतं?"

लेकही त्याच्याबरोबर हसला.

"भाऊ," मी म्हणलं, "तो गडी म्हंजी मीच, ह्याची आई, गुडघे माझे गेलेत आन् लाज ह्याला वाटती."