दुसरं चाटण

आसावरी : बाबा, मी परत विचारतेय. सकाळी मी ऑफिसला गेल्यावर सिद्धेशच्या पोटात काय काय गेलं?

मनोहर : सांगितलं न त्या नर्सबाईला. अर्धा कप चहा. मधातून सुंठ.

आसावरी : आणि?

मनोहर : आणि काय. केमोच्या गोळ्या त्याच्या त्यानेच घेतल्या.

आसावरी : चहा-सुंठीनं माणूस बाथरूमच्या दारात कोसळत नाही. बायकोला 'तू कोण' म्हणून विचारत नाही. आत डॉक्टर काय म्हणाला, कळलं का तुम्हाला?

मनोहर : त्याचं इंग्लिश फार फास्ट आहे.

आसावरी : मग माझ्याकडून ऐका. कॅन्सर डोक्यात गेला असेल, असं त्याला वाटतंय. स्कॅनला नेताहेत आता. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तर मणक्यातून पाणी काढणार. आणि मी इथे बसून रुहीला शाळेतून आणताना काय सांगायचं, त्याची वाक्यं जुळवतेय.

मनोहर : डोक्यात नाही गेला.

आसावरी : तुम्हाला कसं माहीत?

मनोहर : नाही गेला, बेटा.

आसावरी : बाबा, माझ्याकडे बघा.

मनोहर : इथे नको. ती काउंटरवरची बाई बघून राहिली आहे.

आसावरी : तिला मराठी येत नाही. बोला.

मनोहर : फ्रिजच्या दारात ती काचेची डबी असते न. काळं, काकवीसारखं.

आसावरी : त्याचं तेल? गांजाचं?

मनोहर : हळू बोल.

आसावरी : बाबा, ते खायचं नसतं. त्या मशिनमध्ये घालून वाफ घ्यायची असते. मोहरीएवढं घालतो तो. तेवढ्यानं मळमळ थांबते त्याची.

मनोहर : त्या वाफेनं किती खोकलून राहिला होता, तू नसतेस घरी. बरगड्या मोजून घ्याव्या अशी हालत. मला पाहवेना. म्हटलं, औषधच आहे, डॉक्टरची चिठ्ठी आहे. आणि कडू औषध आपण वाफेनं घेतो का? मधात खलायचं आणि चाटवायचं. आमची ही, याची आई, लहानपणी याला सगळं असंच द्यायची. मी तळहातावर खललं.

आसावरी : आणि त्यानं चाटलं.

मनोहर : चाटलं. हसला पण. म्हणाला, आईचा हात आहे तुम्हाला.

आसावरी : किती होतं?

मनोहर : चण्याच्या डाळीएवढं.

आसावरी : अहो, नागपूरला होळीला भांग प्यायलेली माणसं तुम्ही. तुम्हाला तरी...

मनोहर : म्हणूनच तर वाटलं. भांगेनं आमच्या मोहल्ल्यात कोणी दगावलं नाही. रात्रभर बरळायचे, दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ऑफिसात हजर.

आसावरी : ती पाल्याची भांग. हे म्हणजे हंडाभर भांग आटवून एका डबीत भरलेली आहे. आणि होळीला कोणी केमो घेऊन बसत नाही, बाबा. मला फोन केलात तेव्हा 'पडला' एवढंच म्हणालात. ॲम्ब्युलन्सवाल्यांसमोर गप्प. नर्ससमोर नुसती चहा-सुंठ. का?

मनोहर : गणपतीच्या जेवणाला तुमचा तो मित्र विक्रम सांगत होता. हे वॉशिंग्टन राज्यात चालतं, पण वरच्या सरकारला चालत नाही. कुठे कागदावर आलं तर ग्रीन कार्ड अडकतं. तुमचं प्रोसेसमध्ये आहे. मी चार महिन्यांचा पाहुणा. माझ्या हातून तुमचं इथलं घर उठलं असतं.

आसावरी : आणि घरातला माणूस? त्याच्याशिवाय काय करू मी कार्डाचं? बसा इथेच. हलू नका.

मनोहर : मी येतो. दिलं मी, सांगतो पण मीच.

आसावरी : तुम्ही इंग्लिश जुळवेपर्यंत त्याच्या पाठीत सुई जाईल.

(आसावरी आत जाते. बऱ्याच वेळाने येते आणि मनोहरशेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसते.)

मनोहर : नेलं का त्याला?

आसावरी : लिफ्टपाशी गाठलं मी. परत आणलंय. स्कॅन थांबवला. सलाईन लावलंय, बीपी बघताहेत.

मनोहर : पोलीस?

आसावरी : पोलीस कशाला? चिठ्ठी त्याच्या नावाची आहे. डॉक्टरनं एवढंच विचारलं, किती आणि कधी. मग म्हणाला, हे आधी सांगायला हवं होतंत. मला म्हणाला. मी खाली मान घालून सॉरी म्हणून आले.

मनोहर : जिवाला काही...

आसावरी : बहुतेक नाही. वाफ लगेच चढते, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळतं. पोटात गेलं की लिव्हरमधून फिरून सावकाश चढतं, जास्त चढतं, आणि उतरता उतरत नाही. बीपी पडतं, छाती धडधडते, माणसाला वाटतं आपण चाललो. तो बेसिनवर आपटला असता तर त्याचं डोकंच फुटलं असतं. आणि त्या तेलात आणखी काय उरलेलं असतं ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. एवढं सगळं त्यानं मला समजावलं, जसं काही मीच चाटवलं होतं.

मनोहर : माझं नाव घ्यायचं होतं.

आसावरी : जाऊ दे. आता उतरणीला लागलं असेल म्हणाला. दुपारी घरी सोडतील. एकदाच घेतलं ना, असं विचारलं त्यानं. मी हो म्हणाले.

मनोहर : दोनदा.

आसावरी : काय?

मनोहर : दोनदा दिलं, आसावरी.

आसावरी : पहिल्यानं काही झालं नाही म्हणून?

मनोहर : झालं म्हणून. थोड्या वेळानं मला म्हणाला, बाबा, भात लावता का थोडासा. दिवाळीपासून या पोरानं तोंडानं अन्न मागितलं नव्हतं. मी कुकर लावला. म्हटलं, एवढ्याशानं भात मागतो, तर आणखी थोडं दिलं तर पोळी मागेल. लोभ झाला मला.

आसावरी : म्हणजे दुसरं अजून पुरतं चढलेलंच नाही. आणि ते त्याला घरी सोडायला निघालेत. बाबा, हे पोटात ठेवून तुम्ही इतका वेळ बसलात कसे?

मनोहर : तू आत गेलीस तेव्हा सांगणारच होतो.

आसावरी : उठा. चला आत. या वेळी तुम्हीच सांगायचं. 'ट्वाइस' म्हणा, पुढचं मी बोलते.

मनोहर : चल. आणि त्याला बरं वाटलं की माझं तिकीट अलीकडचं करून टाक. मी जातो नागपूरला.

आसावरी : भात खाल्ला का त्यानं?

मनोहर : कुठला. शिट्टीच्या आधी पडला. कुकर तसाच आहे गॅसवर. बंद केला मी, उघडला नाही.

आसावरी : मग तिकिटाचं कशाला काढता? उद्या शुद्धीवर आला की परत मागेल, आणि माझा भात मोकळा होतो, त्याला गिळवत नाही. तुम्हीच लावा. मधाची बाटली तेवढी माझ्या कपाटात राहील.