धावताना बोलायला सोबत

“माणूस पायानं धावतच नाई, दिव्यानी. माणूस मनानं धावते,” नवशिक्यांना धावायला शिकवणाऱ्या श्रीहरीभाऊंनी ब्रह्मपुरीच्या बसस्थानकात जाहीर केलं आणि गुडघ्याला बाम चोळायला घेतला. बाकावर शेजारी बसलेल्या कमळाबाईंच्या नाकाला झणझणलं. कान मात्र मोकळे होते.

“भाऊ, गुडघा दुखते का?” दिव्यानीनं विचारलं.

“दुखते कायले? मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी मोठे मोठे धावणारे मालिश करतेत.”

“मंग मले काऊन नाई सांगत चोळाले?”

“तुही पहिलीच मॅरेथॉन हाये. पुढच्या वर्षी चोळजो.”

“मले भेव लागून राह्यलं, भाऊ. उद्या चंद्रपूरले तोंड बंद ठेवून कशी धावू?”

“बंद काऊन? जंगलच्या रोडनं आपण बोलतच धावतो ना. अस्वलाले आवाज गेला पाह्यजे. आन् बोलता बोलता दम लागला, का हळू व्हायचं.”

“तिथी एकटीच बोलली तर लोक पागल म्हणतीन.”

“एकटी कायची? मी हावो ना बाजूले.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत! एक पाऊल मागं नाई राहणार.”

“मंग भेव नाई.”

“थे पाह्य, बस आली! धाव, खिडकीतून दुपट्टा टाक, दोन जागा पकड!”

दिव्यानी सुसाट सुटली. ती गर्दीत दिसेनाशी झाली, तेव्हा श्रीहरीभाऊ हळूच कमळाबाईंकडे वळले.

“बाई, जरा हात द्या न. बसलो का उठता येत नाई. पोरीले सांगू नोका.”