स्टिकरखालची नळी

‘माझी कवितांची वही तुझ्याकडेच आहे ना?’ असं मित्राने पत्रात विचारलं होतं. ती माझ्या हातून भिजून गेली, हे कळवणं मला दोन वर्षं जमलं नाही. काल सायकलच्या दुकानात पंक्चर काढून घ्यायला बसलो होतो. शेजारी एक मुलगी डोंगरात चालवायची सायकल घेऊन उभी होती. दुकानदार ती तपासत होता.

“ताई, चाकाजवळच्या नळीवर स्टिकर कशाला?”

“शोभेला.”

“काढतो. बघा, टायर घासून फ्रेमची नळी खाल्लीय. एवढं जाड टायर बसवलं कोणी?”

“मीच. सायकल दादाची आहे, उद्या येतोय तो. वरून रंग मारून द्या ना.”

“मारतो. पण नळी पातळ झालीय. उतारावर तुटली तर दादा तोंडावर आपटेल.”

“इतकं?”

“घासल्याचा आवाज येत असेल की.”

“यायचा. मी कानात गाणी लावायचे.”

“मग, रंग मारू?”

“नको. थांबा, फोन लावते... दादा, तुझी सायकल मी खराब केलीय. आणि लपवलंही.”

घरी आल्यावर मी मित्राला वही भिजल्याचं चार ओळींत लिहिलं आणि पत्र कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो.