वाचून द्यायचा कागद

रत्नप्रभा : पण नोटीस पोचली का नाही, ते तरी सांग. चार दिवस झाले पोस्टात टाकून. जीव नुसता वर-खाली होऊन राह्यला माझा.

केतकी : मावशी, रजिस्टर आहे, पोचेलच. तू आधी बस पाहू.

रत्नप्रभा : बसू कशी? उठवायला दोन माणसं लागतात मले. डॉक्टर म्हणतात, जिना बंद. मग वरच्या मजल्यावर काय कोंडून घेऊ? खालच्या खोल्या मिळाल्या तर अंगणात तरी निघीन. मी तर म्हणते, आजच खालच्या जोहराचा नळ बंद करून टाकू.

केतकी : ते चुकूनही करू नको. पाणी तोडलं, कुलूप ठोकलं, तर उलट तूच अडकशील. लेखी करार नाही, भाडं महिन्याच्या महिन्याला. म्हणून पंधरा दिवसांची लेखी नोटीस, तुझ्या सहीची. तरी नाही निघाल्या तर कोर्ट. तिथं खरंच गरज आहे हे दाखवावं लागते. गुडघ्यांचे रिपोर्ट जपून ठेव.

रत्नप्रभा : सोळा वर्षं झाली तिला खाली. पोरीचं लग्न इथूनच केलं तिनं. तोंडानं सांगायला दोनदा गेलती मी. एकदा तिनं चहा टाकला. एकदा माझ्या ब्लाऊजची बाही घट्ट दिसली, तर तिथंच उसवायला घेतली. काय बोलणार सांग?

केतकी : म्हणून तर कागद पाठवला.

(जिन्यावर चपलांचा आवाज.)

जोहराबी : ताई, हाय का घरात? अरे, केतकीबी आली. बरं झालं. हे पाहा, पोस्टमननं आत्ताच देल्लं. वाचून द्या न. निराधार योजनेच्या पैशाचं असंन. ताई, तुम्हीच लिव्हला होता न अर्ज.

केतकी : पोचपावतीवर सही कोणी केली, चाची?

जोहराबी : मीच. थो अंगठ्यासाठी शाईचं पॅड काढून राह्यला होता. म्या म्हटलं, ठेव बाबा तुयं पॅड, मले सही येते. ताईनं शिकोली, याच टेबलावर. काहून ताई, फोडत काहून नाही? चष्मा आणू?

रत्नप्रभा : चष्मा डोळ्यावरच आहे.

जोहराबी : मंग? काही बुरी खबर हाय का?

केतकी : चाची, मी सांगते...

रत्नप्रभा : तू नको सांगू. जोहरा, हे मीच पाठवलं. खालची जागा मला पाहिजे. पाय गेले माझे.

जोहराबी : अन् खालून वर एक जिना हाय, तं पोस्टानं पाठोलं?

रत्नप्रभा : तोंड नाही झालं माझं.

जोहराबी : किती दिवस देल्ले?

केतकी : पंधरा, आजपासून. पण कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाले कोणी बाहेर काढू शकत नाही, हेही ऐकून ठेवा.

रत्नप्रभा : केतकी, तू वकील माझी ना?

केतकी : तुझीच. पण जे आहे ते आहे.

जोहराबी : पोरगी फिजा कवाची म्हणून राह्यली, अम्मी, नेर गावाले ये मायापाशी. म्या म्हटलं, ताईले एकटीले सोडून कशी येऊ.

रत्नप्रभा : फाडूनच टाकते मी हे.

जोहराबी : फाडू नका. सरका जरा, मले बसू द्या. पहिल्या ओळीपासून वाचा. आजवर माया एकबी कागद तुम्ही अर्धा नाही वाचला.